मॅडमचं मनगट

आधीच सांगून टाकते, मी भांडखोर आहे. आई म्हणते, हिच्या नाकावर राग. नवरा म्हणतो, नाकावर नव्हे, नाकाच्या दोन पावलं पुढे. लिफ्ट दुरुस्त करणारा, बँकेतल्या खिडकीमागची बाई, वरच्या मजल्यावर पहाटे फर्निचर सरकवणारे शेजारी, सगळ्यांशी माझं एकदा तरी वाजलेलं आहे. प्रयोगशाळेत तर मला 'भांडकुदळ' म्हणूनच हाक मारतात आणि मी ओ देते. अशा माझ्या तोंडातून एक साधं वाक्य एका बाईसमोर काही केल्या बाहेर पडेना, त्याची ही गोष्ट. माझी पाच वर्षांची मेहनत त्या वाक्यावर लटकली होती म्हणून सांगते. नाहीतर मॅडमच्या मनगटाबद्दल चारचौघांत बोलायची मला हौस नाही.

मॅडम म्हणजे आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख आणि माझ्या पीएचडीच्या गाइड. आम्ही काम करतो बेडकीच्या अंड्यांवर. हसून घ्या. माझ्या सासूबाई अजून लोकांना सांगतात की सून दवाखान्यात असते.

तर बेडकीचं अंडं. मोहरीच्या दाण्याएवढं, अर्धं काळपट, अर्धं पिवळसर. ते बेडकीच्या पोटात महिनोन्‌महिने नुसतं बसून असतं, पण रिकाम्या हाताने नाही. पुढे जी जी प्रथिनं लागणार, त्यांचे निरोप त्यात आधीच भरून ठेवलेले असतात. पुस्तकात त्यांना संदेशवाहक आरएनए म्हणतात, मी आपली निरोपच म्हणते. हे निरोप वाचून प्रथिनं बनवणारी यंत्रंही अंड्यात असतात, त्यांना रायबोसोम म्हणतात. म्हणजे निरोप हजर, यंत्रं हजर, तरी काम बंद. का? तर प्रत्येक निरोपाला एक शेपटी असते, आणि या निरोपांची शेपटी मुद्दाम आखूड ठेवलेली असते. वर एक राखणदार प्रथिन ठाण मांडून बसलेलं असतं. आखूड शेपटीच्या निरोपाकडे यंत्रं ढुंकूनही बघत नाहीत. मग एक दिवस बेडकीच्या शरीरातून हार्मोन येतं, राखणदाराचा सूर बदलतो, शेपटी भराभर लांब होते, यंत्रं धावत येतात, प्रथिन बनतं आणि अंडं जागं होतं. जागं झालं हे कळतं कसं, तर काळ्या टोपीच्या मधोमध एक पांढरा ठिपका उमटतो. आमचं रोजचं काम तेवढंच. बशीत अंडी ठेवायची, सकाळी हार्मोनचा थेंब टाकायचा आणि संध्याकाळी ठिपके मोजायचे. थेंब टाकला नाही तर काहीही होत नाही. निदान होऊ नये.

या हजारो निरोपांपैकी एक माझा. म्हणजे त्याच्यावर माझी पीएचडी. माझं म्हणणं असं की बाकी कोणाचं काहीही होवो, तो एक निरोप वाचला गेल्याशिवाय ठिपका उमटत नाही. हे दाखवायला मी अंड्यात आरएनएसारखाच बनवलेला एक बारीक तुकडा टोचते, जो फक्त त्या एकाच निरोपाला जाऊन चिकटतो आणि त्याला झाकून टाकतो. बाकी सगळे मोकळे, हा एकटा झाकलेला. मग वरून कितीही हार्मोन ओता, अंडं ढिम्म.

आता मनगट. अंड्यांना ठेवायचं खारं पाणी चांगलं गार लागतं. जरा कोमट झालं की अंडी बिघडतात. जगात सगळीकडे त्यासाठी थर्मामीटर वापरतात. आमच्याकडे मॅडम वापरतात. रोज सकाळी स्टीलच्या पातेल्यात खारं पाणी तयार होतं आणि त्याच पातेल्यातून सगळ्यांच्या बश्या भरल्या जातात. पण त्याआधी मॅडम येतात, घड्याळ काढून खिशात टाकतात, बाही वर करतात आणि बाळाच्या आंघोळीचं पाणी बघावं तशी डाव्या मनगटाची आतली बाजू पाण्यात बुडवतात. डोळे मिटतात. मग म्हणतात, चालेल. किंवा म्हणतात, थांबा. मॅडमच्या मॅडमही असंच करायच्या म्हणे. थर्मामीटर खोटं बोलेल, कातडी बोलणार नाही, हे आमच्याकडचं ब्रह्मवाक्य. मनगट बुडवायचा मान फक्त मॅडमचा. मात्र एखाद्याची पीएचडी पूर्ण झाली की मॅडम त्याला पातेल्यापाशी बोलावतात आणि म्हणतात, आज तू बघ. आमचा खरा पदवीदान समारंभ तोच. विद्यापीठातल्या समारंभाला कोणी फिरकतही नाही. पाच वर्षं मी माझ्या डाव्या मनगटाला साबण लावताना त्याच दिवसाचा विचार करत होते.

आणि नेमकं शेवटच्या वर्षी सगळं फिसकटलं. हार्मोन न टाकलेल्या बशीतसुद्धा ठिपके उमटायला लागले. थेंब नाही, काही नाही, आणि अंडी आपली टोपी फोडून बसलेली. माझा प्रबंध ज्या परीक्षक बाईंकडे गेला होता त्यांनी तो परत पाठवला. त्यांचं म्हणणं, हार्मोनशिवायच जर अंडी जागी होत असतील तर तुमच्या सगळ्या निष्कर्षांना अर्थ काय? मी स्वतः येईन, माझ्या डोळ्यांसमोर प्रयोग करून दाखवा, नाही जमला तर विषय संपला. विषय संपला म्हणजे माझी पदवी गेली, शिष्यवृत्ती तर त्याच महिन्यात संपत होती. मी घरी येऊन नवऱ्याशी भांडले. त्याचा काही संबंध नव्हता, पण तो समोर होता.

मग आम्ही काय काय नाही केलं. नळाच्या पाण्यावर संशय घेतला. बश्या बदलल्या. मीठ बदललं. बेडकांची देखभाल करणाऱ्या काकांना मॅडमनी दोनदा फैलावर घेतलं, तर ते बेडकांकडे पाठ करून बसले आणि म्हणाले की माझ्या बेडक्यांना नावं ठेवायचं काम नाही. माझ्याबरोबर काम करणारा मुलगा, ज्याला आम्ही कासव म्हणतो कारण तो एक थेंब टाकायला चहा निवेपर्यंत वेळ लावतो, त्याने वेगळंच काढलं. तो म्हणाला, मॅडम परगावी जातात त्या दिवशी अंडी गुण्यागोविंदाने झोपलेली असतात. मॅडम आल्या की जागी होतात. आपण नाही का होत? मी त्याला म्हटलं, तुझं डोकं तपासून घे. पण मागचं सगळं आठवून पाहिलं तर मेल्याचं म्हणणं खरं निघालं.

यात आणखी एक गंमत होती, तीही सांगायला हवी. मॅडम सुधारल्या होत्या. आमच्या मॅडम साध्या खोकल्या तरी आम्ही उभे राहायचो. त्यांचा पारा चढला की सूक्ष्मदर्शकसुद्धा खाली बघतो असं कासव म्हणायचा. त्यात मधले काही महिने तर भयंकर गेले. त्या खिडक्या उघडायच्या, बंद करायच्या, टेबलावर छोटा पंखा, कपाळावर घाम, आणि आमच्यावर आग. आणि मग अचानक, याच बिघडलेल्या अंड्यांच्या काळात, त्या गोड झाल्या. झोप लागत असावी असा चेहरा. कासवाने साखरपुड्यासाठी रजा मागितली तर त्यांनी दिली, वर विचारलं की पुरेल ना? कासव बाहेर येऊन भिंतीला टेकला. मला तर एकदा 'बाळ' म्हणाल्या. मी घाबरून डॉक्टरकडे जाणार होते.

उलगडा झाला तो आईमुळे. आई माझ्याकडे राहायला आली होती आणि तिने सबंध घर डोक्यावर घेतलं होतं. उकडतंय, पंखा लाव. गार वाजतंय, पंखा बंद कर. हे कोणी केलं, ते कोणी ठेवलं. माझा स्वभाव कुठून आला असं माझा नवरा विचारत नाही तो यामुळेच. एके दिवशी दुपारी ती सोफ्यावर बसून मनगटाला मलम चोळत होती आणि गुलाबाचा मंद वास सुटला होता. मी विचारलं, हात दुखतोय का? ती म्हणाली, छे गं, या वयात बायकांचं हार्मोन कमी होतं ना, डॉक्टरीणबाईंनी दिलंय, मनगटाच्या आतल्या बाजूला लावायचं, छान झोप लागते.

मी तिच्या हातातून ट्यूब घेऊन वाचली. तोच वास मॅडमच्या केबिनमध्ये येत होता. मला वाटायचं नवीन फिनेल. आणि ट्यूबवर ज्या हार्मोनचं नाव होतं तेच हार्मोन आम्ही बशीत थेंब थेंब टाकतो, बेडकीला आणि बाईला देवाने वेगवेगळं दिलेलं नाही. रोज सकाळी मॅडम मलम लावणार, ऑफिसला येणार, बाही वर करणार आणि आम्हा सगळ्यांच्या पातेल्यात मनगट बुडवणार. जगातल्या दुसऱ्या कुठल्याही प्रयोगशाळेत हे घडलं नसतं, कारण तिथे थर्मामीटर आहे.

पण नुसत्या वासावरून मॅडमवर आळ घ्यायची माझी छाती नव्हती. म्हणून मी मॅडमचा हात न लागलेल्या खाऱ्या पाण्याची बाटली घरी आणली, वाडग्यात ओतली आणि आईला म्हटलं, हात बुडव. ती म्हणाली, कशाला? मी म्हटलं, विज्ञानाला. ती म्हणाली, मी काय उंदीर आहे? तिने पाच मिनिटं माझा उद्धार केला, मग हात बुडवला, आणि बुडवल्यावर विचारलं की टीव्हीवर दाखवणार का. दुसऱ्या दिवशी ते पाणी बशीत घेतलं, अंडी सोडली. संध्याकाळी एकूण एक अंड्याला पांढरा ठिपका. आईला फोन करून सांगितलं तर म्हणाली, मग? माझ्या हाताला गुण आहेच.

म्हणजे आता फक्त मॅडमना सांगायचं होतं. 'मॅडम, पाण्यात हात घालू नका, तुमच्या मनगटावर हार्मोन आहे.' एवढंच. पण सांगून बघा तुम्ही. एक तर त्यांच्या खाजगी मलमाची गोष्ट. दुसरं म्हणजे तो हात म्हणजे आमच्या प्रयोगशाळेचं दैवत. आणि तिसरं कासव. त्याला मी विश्वासाने सांगितलं तर त्याचा चेहराच पडला. त्याने माझे पाय धरायचे बाकी ठेवले. म्हणाला, "ताई, सांगू नकोस. मलम बंद झालं तर मॅडम परत पहिल्यासारख्या होतील. माझं लग्न व्हायचंय अजून."

मी त्याला झापलं, पण मनातून मीही हललेच. एका पारड्यात माझी पदवी आणि दुसऱ्यात सगळ्या मजल्याची मनःशांती. तरीही मी गेले केबिनमध्ये. वाक्य पाठ करून गेले होते. मॅडमनी चष्म्यावरून बघितलं आणि हसून विचारलं की आज कोणाशी भांडून आलीस? माझी ततपप झाली. मी म्हटलं, कोणाशीच नाही, उकडतंय ना आज. त्या म्हणाल्या, हो ना गं, आणि पंखा माझ्याकडे वळवला. मी पंख्याची हवा खाऊन परत आले. वाक्य तयार होतं, घशापर्यंत आलं होतं, पण शेपटी आखूड. माझ्या अंड्यांचं आणि माझं त्या दिवसांत फार जमत होतं.

सरळ जमेना म्हणून वाकड्यात शिरले. मॅडमना रबरी हातमोजे भेट दिले, लांब, कोपरापर्यंतचे. त्यांनी ते घरी झाडांसाठी नेले. उत्तम थर्मामीटर मागवला आणि पातेल्याशेजारी टांगला. मॅडमनी तो कौतुकाने बघितला, पाण्यात बुडवला, आकडा वाचला आणि मग तो आकडा बरोबर आहे का हे बघायला मनगट बुडवलं. मग मी गुपचूप दुसरं पातेलं तयार करायला लागले आणि शीतकपाटाच्या मागे झाकून ठेवायला लागले. एका सकाळी मॅडम बर्फ शोधत तिकडे गेल्या, झाकण उघडलं, म्हणाल्या, "अगं, हे पाणी कोणी बघितलेलंच नाही," आणि प्रेमाने मनगट घातलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी कोणाशी भांडायचं म्हणून बाहेर जाऊन झेरॉक्सच्या मशीनला लाथ मारली.

आणि परीक्षक बाईंचा दिवस उजाडला.

त्या मॅडमच्याच वयाच्या, शिडशिडीत, ओठ मिटलेल्या. हातात कागदी पंखा होता, तो सारखा हलत होता. त्यांनी सगळ्या बश्या बघितल्या, माझा निरोप झाकलेल्या अंड्यांची वेगळी बशी बघितली, आणि म्हणाल्या की मी संध्याकाळपर्यंत इथेच बसणार आहे. कासवाने दोन्ही हातांनी पातेलं आणून टेबलावर ठेवलं. पाणी हिंदकळत होतं. दार उघडलं. मॅडम आल्या. गुलाबाचा वास आला. त्यांनी परीक्षक बाईंना नमस्कार केला, घड्याळ काढून खिशात टाकलं आणि बाही वर करायला लागल्या.

मला त्या क्षणी काही शौर्य वगैरे सुचलं नाही. मला फक्त माझी पाच वर्षं दिसली, ती स्टीलच्या पातेल्यात बुडायला निघालेली. आणि राग आला. मॅडमचा नाही, माझाच. सगळ्या जगाशी भांडणारी मी, आणि जिथे बोलायला हवं तिथे मूग गिळून बसलेली.

"मॅडम, हात घालू नका."

मॅडमचं मनगट पाण्यापासून बोटभर वर थांबलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. तीस वर्षांत त्यांना त्या पातेल्यापाशी कोणी थांबवलं नव्हतं.

"काय म्हणालीस?"

"तुमच्या मनगटावर हार्मोन आहे. ते मलम. त्यानेच अंडी जागी होतात. हार्मोनशिवाय नव्हे, हार्मोननेच होतात, फक्त ते तुमच्या हातून येतं." आणि मग, कशाला ते देव जाणे, मी पुढे जोडलं, "माझी आईपण तेच लावते."

परीक्षक बाईंचा कागदी पंखा थांबला. कासव पातेल्याकडे असा बघत होता की त्यात उडी मारेल. मॅडमनी मनगट उलटं केलं, त्याच्याकडे बघितलं, नाकाशी नेऊन हुंगलं. मग विचारलं, "कधीपासून माहीत आहे तुला?"

मी म्हटलं, बरेच दिवस झाले. त्या म्हणाल्या, म्हणजे बरेच दिवस मी त्या बिचाऱ्या काकांना उगीच बेडकांवरून बोलतेय. मला वाटलं, संपलं. पदवी गेली, आणि मॅडमही गेल्या. पण मॅडम कितीही झालं तरी मॅडम. ओरडायच्या आधी त्यांच्या डोक्यात प्रयोग येतो. त्यांनी कासवाला आणखी एक पातेलं आणायला लावलं, पाणी दोन्हींत निम्मं निम्मं केलं, एका पातेल्यात सरळ मनगट बुडवलं, चांगलं ढवळलं आणि टिश्यूने मनगट पुसून तो टेबलावरच टाकला. म्हणाल्या, या पाण्यात साधी अंडी ठेवा, आणि याच पाण्यात हिची निरोप झाकलेली अंडीही ठेवा. आणि दुसऱ्या पातेल्यातल्या पाण्यात परत साधी अंडी. परीक्षक बाईंनी मान हलवली.

"पण या दुसऱ्या पातेल्याचं पाणी गार आहे का ते कोण बघणार?" असं म्हणून मॅडमनी सगळीकडे नजर फिरवली. थर्मामीटर तिथेच खिळ्याला लटकत होता. त्यांनी त्याच्याकडे बघितलंही नाही. माझ्याकडे बघितलं आणि रागाने म्हणाल्या, "आज तू बघ."

पाच वर्षं मी या वाक्याची वाट पाहिली होती, आणि ते असं अंगावर आलं. मी घड्याळ काढलं, ते खाली पडलं. बाही वर केली, मनगट बुडवलं, डोळे मिटले. खरं सांगते, मला काहीही कळलं नाही. गार की गरम की पाणीच नाही. मी म्हटलं, "चालेल." मॅडमची पाठ वळल्यावर कासवाने हळूच थर्मामीटर बुडवला, तोंड वाकडं केलं आणि बर्फाच्या पिशवीवर पातेलं बसवलं. त्याने हे संध्याकाळपर्यंत कोणाला सांगितलं नाही, यासाठी मी त्याच्या लग्नात चांगला आहेर करणार आहे.

तो दिवस कसा गेला ते मला विचारू नका. मॅडम केबिनमध्ये जाऊन बसल्या त्या बसल्याच. थोड्या वेळाने परीक्षक बाई उठल्या आणि केबिनमध्ये शिरल्या. दार बंद झालं. आम्ही दोघं काचेतून बघायचा प्रयत्न करत होतो. कासव म्हणाला, तुला काढून टाकायचं ठरवतायत. मी म्हटलं, तुलाही. मग आतून हसण्याचा आवाज आला. आधी एकीचा, मग दोघींचा, मग पंख्याचा. परीक्षक बाई बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या मुठीत एक कागदाचा कपटा होता, आणि तो त्यांनी पर्समध्ये घालताना माझ्या नजरेतून सुटला नाही. त्यावर डॉक्टरचा नंबर होता हे मी पैजेवर सांगते, पण पैज लावायला कोणी तयार नाही.

संध्याकाळी बश्या उघडल्या. आधी माझ्या पातेल्यातली साधी अंडी. काळ्या टोप्या, स्वच्छ, एकही ठिपका नाही. महिनोन्‌महिन्यांनी मला अशी झोपलेली अंडी दिसत होती, मला त्यांची पापी घ्यावीशी वाटली. मग मॅडमच्या पाण्यातली साधी अंडी. सगळ्यांच्या टोप्यांवर पांढरे ठिपके, काय बिशाद एक तरी मागे राहील. आणि शेवटी तिसरी बशी. तेच मॅडमचं पाणी, त्याच बेडकीची अंडी, हार्मोन तेवढंच. फक्त त्या एका निरोपावर माझा तुकडा चिकटलेला. परीक्षक बाईंनी सूक्ष्मदर्शकातून बघितलं. बराच वेळ बघितलं. मग बाजूला झाल्या आणि मॅडमना जागा दिली.

मॅडम वाकल्या. मी त्यांच्या मागे उभी होते. एकसुद्धा ठिपका दिसला तर पाच वर्षांवर पाणी. त्या बशी फिरवत होत्या, एकेक अंडं बघत होत्या, परत पहिल्यापासून बघत होत्या. शेवटी त्यांनी डोळा काढला.

"एकही नाही," त्या म्हणाल्या. मग चष्मा लावला, त्या बशीकडे नुसत्याच बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "या मजल्यावर माझा हात लागून न हललेलं कोणी मी आजवर बघितलं नव्हतं. आज दोन बघितली. एक ही बशी. आणि सकाळी तू."

परीक्षक बाई म्हणाल्या की प्रबंधात हा प्रयोग घालायचा, मनगटासकट, तरच मी सही करीन. मॅडमनी माझ्याकडे बघून सुस्कारा टाकला आणि म्हणाल्या, घाल बाई, नाव घालू नको म्हणजे झालं. मी विचारलं, आणि मलम? त्यांनी माझ्याकडे असं काही बघितलं की कासव दोन पावलं मागे सरला. म्हणाल्या, मलम लावणार, झोप मला फार प्रिय आहे, उद्यापासून पाणी तू बघायचं, आणि त्या काकांची माफी मीच मागणार आहे.

मी 'हो मॅडम' म्हणायला तोंड उघडलं आणि भडाभडा रडायला लागले. मला रडताना त्या खोलीत कोणी पाहिलं नव्हतं, त्यामुळे कोणाला काय करावं ते कळेना. कासवाने घाईघाईने टेबलावरचा टिश्यू पुढे केला. मी तो डोळ्यांना लावला, नाकाला लावला, आणि तेव्हा मला गुलाबाचा वास आला. मॅडमनी सकाळी त्यानेच मनगट पुसलं होतं.